दोन खोल्यांचं भाडं

परदेशात राहून, कर्ज काढून लेकीनं गावी तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा तिचा बेत सरळ होता. भाड्यातून हप्ता फिटेल आणि चार-पाच वर्षांत आपण परत जाऊ. पण बाबांनी ठेवलेल्या भाडेकरूंचं भाडं हप्त्याला कधी पुरलंच नाही. तूट भरायला ती औषधांच्या दुकानात शनिवार-रविवारच्या पाळ्याही करू लागली. मग रजा मागायची सोयच उरली नाही.

"बाबा, शेजारचे केवढं भाडं घेतात! तुम्हालाच कसं जमत नाही?"

"अगं, माणसं भली आहेत. तू कधी येतेस ते सांग."

"भलेपणावर हप्ता फिटतो का, बाबा?"

नऊ वर्षांनी ती आली, तेव्हा बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. फ्लॅट विकून एकदाचं सुटावं, म्हणून ती पहिल्यांदाच त्या घरात शिरली. भाडेकरू बाईंनी तिला पाणी दिलं आणि आतल्या कुलूपबंद खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. खोलीत धुतलेली चादर घातलेला पलंग होता. खिडकीशी तिचं जुनं टेबल होतं आणि त्यावर तिची शाळेपासूनची पुस्तकं, धूळ पुसून रचलेली.

"काका दर रविवारी येऊन झाडून जायचे," बाई म्हणाल्या.

 

"आम्हाला दोनच खोल्या दिल्या होत्या, भाडंही दोनचंच घ्यायचे. म्हणायचे, ही माझ्या लेकीची, ती आता येईलच."