आठ दिवसांत तपासणी

पायपुसणं दारातच होतं, तरी साहेब चिखलाच्या बुटांनिशी थेट आत आले. बॅग ठेवली तीही मावशींनी नुकत्याच पुसलेल्या काउंटरवर. दुसरा कुणी असता तर मावशींनी त्याला उभा-आडवा घेतला असता. पण दारूखात्याच्या निरीक्षकाला कोण बोलणार?

"पुन्हा तक्रार आलीय, मावशी."

"आता काय? बाटल्या गाणी म्हणतात?"

"वयाची अट सांगणारी पाटी नीट दिसत नाही म्हणे."

पाटी रस्त्यापलीकडून वाचता येत होती. साहेबांनी तरी पट्टी लावून अक्षरं मोजली. कायदाच तसा होता. तक्रार आली की आठ दिवसांत निरीक्षकानं स्वतः जाऊन बघायचं. एखादी खरी निघाली की परवाना रद्द. गेल्या महिन्यात शटरच्या वेळेची तक्रार होती, त्याआधी शाळेपासूनच्या अंतराची. दोन्ही खोट्या.

"तुमच्यावर एवढा डूख कुणाचा?"

"माझी जीभ ज्यानं ज्यानं ऐकलीय, त्या सगळ्यांचा. बसा, चहा घ्या."

थर्मासमधला चहा मावशींनी दोन कपांत ओतला. साहेबांच्या बायकोचे गुडघे कसे आहेत, धाकटीचं लग्न जमलं का, सगळं खोदून खोदून विचारलं. साहेबही सांगत बसले. तासाभरात दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही.

"गिऱ्हाईक अगदीच नाही का हो?"

"कशाला येईल? तुमच्या सरकारनं मोठ्या दुकानांना मुभा दिली. आता बाटली साबणाच्या शेजारी मिळते, गाडीत बसून नेता येते. इथं आलं तर माझी बोलणी खावी लागतात."

"मग तुमचा मुलगा म्हणतो तसं दुकान विकून का टाकत नाही?"

"आणि बसू कुठं? ह्यांच्या मागं बारा वर्षं हा परवाना राखलाय मी. दुकान आहे तोवर दार उघडायला कारण आहे. घरात भिंतींशी भांडू?"

साहेबांनी बॅगेतून एक कागद काढला आणि खाली सही ठोकली.

"बास झालं, मावशी. सगळी पत्रं एकाच हातची आहेत, अक्षरही वाकडंतिकडं. कुणीतरी तुम्हाला छळतंय. मी अहवाल लिहिलाय. पुढचं पत्र आलं की न उघडता टोपलीत. मला इथं यायची गरजच नाही. सुटलात तुम्ही!"

मावशींनी त्यांच्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला.

"एक नंबरचे कामचुकार आहात तुम्ही, साहेब," त्या म्हणाल्या. "अक्षराला अक्षर जोडत एकेक पत्र लिहायला मला तीन-तीन दिवस लागतात, आणि तुम्ही ते न उघडता टोपलीत टाकणार?"