नजरेच्या उंचीचा कोनाडा

“अजून वर घे,” मार्लिस म्हणाली. “नजरेच्या उंचीला.”

“शाम्पू काय माझ्याशी नजर मिळवणार आहे?” लाइलने पेन्सिलीची रेघ पुसली आणि वर ओढली. शॉवरच्या भिंतीत कोनाडा करायचा होता. बायकोने आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण होऊन काही बांधायला सांगितलं होतं. अशा वेळी वाद घालणाऱ्यांपैकी तो नव्हता.

आजवर त्याने जे बांधलं ते स्वतःच्या हौसेने. पुस्तकांचं कपाट कोसळून पास्टरसाहेबांच्या मांडीवर आलं. पक्ष्यांसाठी लाकडी घर केलं, तर पक्षी टपालपेटीत राहायला गेले. तळ्यातला बोटीसाठीचा लाकडी धक्का एका वसंतात फुटलेल्या बर्फाबरोबर निघाला आणि समोरच्या काठाला, शेजारी ड्वेनच्या अंगणाशी जाऊन लागला. ड्वेन अजून त्यावर बसून मासे पकडतो. “या माणसाने ठोकलेला खिळासुद्धा घर सोडून जातो,” असं सासूबाई, म्हणजे आर्डिस, चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला सगळ्यांदेखत म्हणायच्या. हल्ली त्या काही म्हणत नसत. निळ्या काठाच्या पांढऱ्या बरणीत त्यांची रक्षा होती आणि बरणी फ्रिजवर होती. फ्रिज चालू झाला की झाकण किणकिणे. लाइलला वाटे, बाईंचं बोलणं अजून संपलेलं नाही.

“या वेळी गळला तर सगळी हत्यारं ड्वेनला देऊन टाकीन,” त्याने छाती ठोकून सांगितलं.

“गळता कामा नये, लाइल. थेंबभरही नाही.” मार्लिसने भिंतीवर तळवा ठेवला. “ही बाहेरची भिंत नाही ना? जानेवारीत गारठा लागेल.”

“कोणाला? साबणाला?”

मार्लिसने टेप घेऊन रेघेची रुंदी पुन्हा मोजली.

लाइलने भिंत कापली. दोन उभ्या वाशांमध्ये चौकट बसवली, आत सिमेंटचा बोर्ड लावला, कोपऱ्यांवर पट्टी चिकटवली आणि वॉटरप्रूफिंगचा लाल लेप दिला. वाळल्यावर पुन्हा दिला. मग रात्री जेवणावरून उठून आणखी एकदा दिला. पाणी साचू नये म्हणून कोनाड्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ ठेवला. मार्लिसने त्यावर काकडीच्या लोणच्याची भरलेली बरणी ठेवली आणि बाथरूममध्ये धाडधाड उड्या मारल्या. बरणी जागची हलली नाही. “घसरत नाही,” ती स्वतःशीच म्हणाली. टाइल तिनेच निवडून आणल्या. पांढऱ्या, निळ्या काठाच्या.

टाइल बसवून त्यांचे सांधे भरून वाळले, त्या दिवशी ड्वेन ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल घेऊन आला. निमित्त कॅसरोलचं होतं, डोळा हत्यारांवर.

“ते ड्रिल जरा जुनं दिसतंय रे.”

“अजून माझं आहे,” लाइल म्हणाला.

भिंतीच्या पलीकडे टॉवेलांचं कपाट होतं. मार्लिसने त्याची मागची फळी काढली आणि कोनाड्याच्या पाठीमागे, खालच्या आडव्या लाकडावर मैदा भुरभुरला; थेंब पडला तर लगेच गोळा होईल. लाइलने शॉवरचं तोंड थेट कोनाड्यावर रोखलं. अख्खी दुपार पाणी कोसळत राहिलं. तिघंही उभ्याने कॅसरोल खात कपाटात डोकावत होते. शेवटी मार्लिसने नळ बंद केला, आत वाकली आणि फुंकर मारली.

मैदा भुर्रकन उडाला. ड्वेनच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

“कोरडा ठणठणीत!” लाइल ओरडला. ड्वेनने ड्रिलकडे शेवटचं एकदा पाहून घेतलं. आता मार्लिस काहीतरी म्हणेल, निदान ‘बरं जमलं’ तरी, म्हणून लाइल थांबला. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. परत आली ती फ्रिजवरची बरणी दोन्ही हातांत धरून. झाकणाच्या कडेने, पाणी शिरू नये म्हणून, लाइलच्याच ट्यूबमधलं सिलिकॉन ताजं फिरवलेलं होतं.

तिने बरणी कोनाड्यात ठेवली. बरणी अशी बसली, जणू माप तिचंच घेतलं होतं. निळ्या काठाला निळा काठ लागला.

“आई जाताना म्हणाली होती,” मार्लिसचा आवाज भरून आला, “‘लाइल माणूस वाईट नाही. त्याच्या हातचं काही एक जागच्या जागी टिकलं, तर मला तिथे ठेव. तोवर फ्रिज बरा.’”

ड्वेनने टोपी काढली. सासूबाईंनी लाइलला पास केलं होतं! त्याने मान ताठ केली, समोर पाहिलं आणि कोनाडा किती अचूक नजरेच्या उंचीला आलाय हे त्याच्या ध्यानात आलं.

“मार्लिस,” तो हळूच म्हणाला, “मग मी आंघोळ कुठे करायची?”

“इथेच कर की,” मार्लिस डोळे पुसत म्हणाली. “फक्त आत येताना दार वाजवत जा.”