समजेल अशा भाषेत

"या कागदावर मी सही करणार नाही, सर," दामिनी म्हणाली आणि तिनं पेन परत खिशाला लावलं.

डॉक्टर मनोज ऑपरेशनसाठी हात धुवायला निघाले होते. ते दारातच थबकले. "पेशंटचा अंगठा आहे ना त्यावर? मग साक्षीदार म्हणून सही करायला तुमचं काय जातं?"

"माझी नोंदणी जाते, सर."

अमरावतीच्या त्या खाजगी दवाखान्यात रश्मीचं प्रकरण अजून ताजं होतं. रश्मी दामिनीच्याच वॉर्डातली नर्स. पेशंटला काहीएक न समजावता तिनं संमतीपत्रावर सही ठोकली, नातेवाइकांनी तक्रार केली, आणि आता बिचारी अकोल्याला माहेरी बसून चौकशीची वाट पाहत होती. त्या दिवशी दामिनीही ड्यूटीवर होती. ती नुसत्या ताकिदीवर सुटली. पण पुन्हा चूक झाली तर नोंदणी रद्द, असं तिला तोंडावर सांगण्यात आलं. नोंदणी गेली की नर्सचा पांढरा ड्रेस म्हणजे नुसता कपडा. त्यात नवरा नांदगाव पेठेतल्या सूतगिरणीतली नोकरी सुटून घरी बसलेला. घर सगळं हिच्याच जिवावर. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दामिनी हल्ली पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

"पेशंटला समजेल अशा भाषेत सांगायचं, असा नियम आहे, सर. हा कागद इंग्रजीत आहे. नत्थुजींना काय समजलं असेल यातलं?"

"मग सांगा तुमच्या भाषेत," डॉक्टर वैतागून म्हणाले. "पण लवकर."

दामिनी मराठी संमतीपत्र घेऊन वॉर्डात गेली. नत्थुजी दर्यापूरकडचा म्हातारा. पित्ताच्या पिशवीत खडे झालेले. गळ्यात मारोतीचा ताईत, चेहऱ्यावर भीती. पायाशी त्याची बायको पार्बताबाई दोन कप्प्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

इतर नर्सा पेशंटशी पुस्तकातलं बोलत. दामिनी अचलपूरची. खाटेच्या कडेला बसून ती घरच्यासारखी सुरू झाली.

"बाबाजी, पोटाले बारीक छेद देतीन आन् खड्याची पिशवीच काढून टाकतीन. तुमाले पूर्ण भूल देतीन. धोका थोडा हाय, पन हाय. नाई म्हनाचा तुमाले हक्क हाय. समजलं का?"

"समजलं ना, पोरी," नत्थुजी म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. "आतापर्यंत जो आला त्यानं 'अंगठा लाव' म्हनलं. काहून लावाचा, थे तूच सांगून राहिली."

दामिनीला बरं वाटलं. का नाही वाटणार?

"आन् काल सांगतलं थे ध्यानात हाय ना? रातच्यापासून जेवाचं नाई म्हनून? उपाशी हाव ना तुमी? पोटात अन्न असलं का भुलेत थे वर येते, श्वासाच्या नळीत जाते. मानूस दगावते, बाबाजी."

"अन्नाचा कन नाई पोटात." नत्थुजीनं ताईताला हात लावला. "मारोतीची आन. शनवारच्या दिवशी मी खोटं बोलीन का?"

तरी दामिनीची नजर डब्याकडे गेलीच. "मायबाई, हा डबा कोनाचा?"

"माह्या व्हय," पार्बताबाई लगबगीनं म्हणाली. "भावजयीनं पाठवला सकाळी." तिनं वरचा कप्पा बाजूला ठेवून खालचा उघडून दाखवला. "पाहा, पोळी-भाजी हाय. याइले घासही देल्ला नाई. तुमी काल सांगतलं तवापासून मलेच घोर लागला, बाई."

आता मात्र दामिनीचं समाधान झालं. तिनं संमतीपत्र ओळ न ओळ वाचून दाखवलं, मग नत्थुजीचा अंगठा घेतला आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून ठसठशीत सही केली.

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचलं. भुलेच्या डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहेत ना, सिस्टर?"

"हो सर. मी स्वतः विचारलं. त्यांच्या भाषेत."

"बाबा, उपाशी?"

"एकदम उपाशी, सायब," नत्थुजी पडल्या पडल्या म्हणाला.

दार लागलं. वरचा लाल दिवा पेटला.

दामिनी व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. छाती अशी गजभर फुगली होती. संध्याकाळी रश्मीला फोन करायचा, सगळं सांगायचं, असं तिनं ठरवलं. आपल्या माणसाशी आपल्या बोलीत बोललं की अर्धं काम तिथंच होतं, हे तिला आधीपासून वाटत होतंच. आतून यंत्राचा बारीक आवाज येऊ लागला. भूल चढत असणार.

पार्बताबाई डबा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली.

"सकाळपासून पायाले भिंगरी लावून फिरून राहिल्या, बाई. तुमी काई खाल्लं का नाई?"

"टाइमच नाई भेटला, मायबाई."

"मंग असं कसं? आमच्या मानसासाठी येवढं करता, आन् सोता उपाशी?" म्हातारीनं वरच्या कप्प्याचं झाकण काढलं. शेंगदाण्याच्या कुटाचा खमंग वास आला. "घ्या. साबुदान्याची उसळ हाय. मगाशी याइनं पोटभर खाल्ली, तरी उरली."

दामिनीचा हात डब्याशी जाता जाता थांबला.

"अवो, अशा काहून पाहता? शनवारच्या उपासाले चालते थे," पार्बताबाई हसून म्हणाली. "साबुदाना का अन्न व्हय?"