आधी चपला काढा
“नका हो बाई, पायाला हात नका लावू! एवढ्या मोठ्या डॉक्टर तुम्ही, मला पाप लागेल,” म्हणत भिमाप्पांनी पाय आखडून घेतले.

“गप बसा. डोळे मिटा, आणि दोरा टेकला की सांगा.” डॉक्टर शैलजा उंबरजे त्यांच्यासमोर पाटावर बसल्या होत्या. साखरेचा पेशंट आला की आधी चपला काढायच्या, रिपोर्ट मग, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा शिरस्ता. आता गुडघे कुरकुरत, तरी पाट काही सुटला नव्हता.

नायलॉनचा दोरा त्यांनी तळव्यावर पाच ठिकाणी टेकवला. भिमाप्पा एकदाही “हं” म्हणाले नाहीत. टाचेला ताजं भोक होतं, आणि काढलेल्या चपलेत खिळ्याचं टोक वर आलं होतं.

“अरेच्चा! मला तर काही दुखलंच नाही.”

“म्हणून तर बघायचं. वेळेत आलात, पाय वाचला.” पट्टी बांधून झाली तरी त्यांचा हात त्या टाचेवर रेंगाळला.

बाबाही असंच म्हणाले होते, काही दुखलंच नाही गं. त्या दिवाळीला मेडिकलच्या शेवटच्या वर्षातली शैलजा घरी आल्या आल्या त्यांच्या पाया पडली होती, निघतानाही पडली होती. टाच तेव्हाही चिघळलेलीच होती. महिन्याभरात आधी पाय गेला, मग बाबा.

अजून एकदाच त्यांच्या पाया पडायला मिळावं, असं तिला रोज वाटे. या वेळी तिनं तो पाय हातात घेऊन उलटा करून पाहिला असता.