सतराव्या पानावरची खूण

“कर्स्टी, या लेखिकेनं मला पहिल्यांदाच फसवलं,” पुस्तक मिटत आई म्हणाली. “घरातल्या खुनाच्या कादंबऱ्यांत नवराच गुन्हेगार असतो, पन्नासाव्या पानावर मी ओळखते. इथे बहीण निघाली.” चहा ओतताना मी थांबले. मे महिन्यातही याच पुस्तकाबद्दल ती हेच म्हणाली होती. आमच्या स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या वाचनालयातले म्हातारे वाचक तेच पुस्तक पुन्हा येऊ नये म्हणून वाचलेल्या पुस्तकात आपापली खूण करतात. आईचा त्रिकोण सतराव्या पानावर असतो. पुस्तक आणताना ते पान बघायला मी विसरले होते. तिनं खूण करायला पेन्सिल उचलली. “दे, मी करते,” मी म्हणाले. “का? त्रिकोण काढायलाही पदवी लागते?” तिनं पान उघडलं. तिचाच त्रिकोण तिथे होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, मग शेजारी दुसरा काढला. “नवीन शोधत बसू नकोस,” ती म्हणाली. “यापुढे हेच आणत जा.”