मापाची मूठ

शनवाऱ्याच्या बाजारात छाया सुऱ्यांना मापाच्या मुठी बसवते. गिऱ्हाइकाचा पंजा धरून ओल्या मातीत दाबायचा आणि त्या ठशावरून शिसमाच्या दोन फळ्या कोरायच्या, ही तिची रीत. केळीचे बागायतदार भाऊसाहेब मात्र फिसकारले, “बाईच्या हातात हात देऊ का मी? ए दगा, तू दे. हात तर सब सारखेच!” मजूर दगाने निमूट पंजा पुढे केला. आठवड्याने नवा सुरा धरून भाऊसाहेब भर बाजारात ओरडले, “मूठ तर टोचते! बायका मुठी करतील तर दुसरं काय होणार?” छायाचं डोकं भणाणलं. तिने तोच सुरा दगाच्या हातात दिला. पाखरू घरट्यात विसावावं तशी मूठ बसली. “माप ज्याचं घेतलं, त्याला पुसा ना, टोचते का!” “दे रे इकडे!” भाऊसाहेब गुरगुरले. जन्मभर दुसऱ्यांचीच अवजारं वापरलेल्या दगाची बोटं त्या मुठीवरून सुटेनात.