दिवंगतांचा आक्षेप

"अरे, मी मेलेलो नाही!" भालचंद्र सोनटक्क्यांनी 'सोनटक्के परिवार' ग्रुपवर तिसऱ्यांदा लिहिलं. खाली लगेच पुतण्याचं उत्तर आलं, "भावपूर्ण श्रद्धांजली."

सोनटक्क्यांचं डोकंच फिरलं. मेला होता साताऱ्याचा दुसराच भालचंद्र सोनटक्के. कुणीतरी ती बातमी ग्रुपवर ढकलली आणि सकाळपासून एक्केचाळीस जणांनी न वाचता हात जोडले. एका मेव्हण्याने तर सवयीने "अनेक शुभेच्छा" लिहून फुगे पाठवले होते.

तेही त्यांनी एक वेळ पोटात घातलं असतं. पण रविवारी मुलीचं लग्न होतं आणि व्याह्यांना गेल्याच महिन्यात हौसेने ग्रुपात घेतलं होतं. मुलीच्या घरी सुतक म्हणून त्यांनी आठच्या आत मुहूर्त रद्द करून भटजींनाही मोकळं केलं होतं. मुलगी आतल्या खोलीत रडत होती.

सोनटक्क्यांनी व्याह्यांना फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले, "लाज कशी वाटत नाही हो? एक फोन करून विचारता येत नव्हतं, खरंच गेलात का म्हणून?"

"रागावू नका," व्याही शांतपणे म्हणाले. "आमचाही आधी विश्वास बसला नव्हता. म्हणून मुद्दाम खालचं सगळं वाचलं. सहा वाजून चार मिनिटांनी सगळ्यात पहिले हात तुम्हीच जोडलेत. म्हटलं, खुद्द त्यांनीच मान्य केलंय, तर आपण कशाला वाद घाला?"